माणूस जन्मतः चांगला असतो म्हणणाऱ्या रूसोने स्वतःची पाच मुलं अनाथालयात का सोडली?

शाळेच्या इतिहासात फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा आला की तीन नावं एका ओळीत येतात. माँटेस्क्यू, व्हॉल्टेअर आणि रूसो. परीक्षेपुरती टीप पाठ करायची आणि विसरून जायचं. बी.एड. करणाऱ्यांची रूसोशी पुन्हा एकदा गाठ पडते, कारण मुलांना कसं वाढवावं यावर त्याने लिहिलेलं ‘एमिल’ हे पुस्तक शिक्षणशास्त्रात टाळताच येत नाही.

या माणसाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की मूल जन्मतः वाईट नसतं, त्याला बिघडवतो तो आपला समाज.

आणि याच माणसाला पाच मुलं झाली. पाचही त्याने जन्मल्याबरोबर पॅरिसच्या अनाथालयात पाठवून दिली. त्यातल्या एकाचंही पुढे काय झालं हे त्याला कधी कळलं नाही.

ढोंगी होता, असं म्हणून विषय संपवता येतो. गेली अडीचशे वर्षं बरेच जण तो तसाच संपवतात. पण रूसोच्या आयुष्यात डोकावलं तर दिसतं की माणूस मुळात कसा असतो हा प्रश्न त्याला पुस्तकं वाचून पडलेला नव्हता. तो प्रश्न घेऊनच तो लहानाचा मोठा झाला होता.

ज्याँ-जाक रूसोचा जन्म २८ जून १७१२ चा, गाव जिनिव्हा. तेव्हा जिनिव्हा हे एक स्वतंत्र नगरराज्य होतं आणि तिथे कॅल्व्हिनच्या कडक प्रोटेस्टंट पंथाचा अंमल होता. या पंथाची शिकवण अशी की आदमने केलेल्या पापाचा डाग प्रत्येक माणूस जन्मतःच घेऊन येतो. पाळण्यातलं बाळसुद्धा त्यातून सुटत नाही.

रूसो जन्मला आणि काही दिवसांतच त्याची आई वारली. वडील इझाक घड्याळजी होते. बायकोने मागे ठेवलेल्या कादंबऱ्या ते मुलाला घेऊन वाचत बसायचे, कधीकधी पार पहाट होईपर्यंत. पुढे एका लष्करी अधिकाऱ्याशी त्यांचं भांडण झालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि १७२२ मध्ये ते गाव सोडून निघून गेले. मोठा भाऊ पळून गेला तो कायमचाच. दहा वर्षांचा रूसो मामाच्या हवाली झाला आणि मामाने त्याला मामेभावासोबत बोसे नावाच्या खेड्यात एका पाद्र्याच्या घरी शिकायला ठेवलं.

इथे एक कंगवा तुटला.

प्रसंग इतकाच. पाद्र्याच्या बहिणीचा कंगवा वाळायला ठेवला होता, त्याचे दात मोडलेले सापडले. त्या खोलीत रूसोशिवाय कुणी गेलेलं नव्हतं, म्हणून आळ त्याच्यावर आला. त्याने आपण हात लावला नाही असं सांगितलं. पुन्हा पुन्हा विचारलं तरी तेच सांगितलं. मग मामाला बोलावून घेतलं गेलं आणि पोराला बेदम मार बसला. तरी तो कबूल झाला नाही. पन्नाशी उलटल्यावर आत्मचरित्र लिहितानाही तो शपथेवर सांगतो की तो कंगवा मी मोडला नव्हता. त्याच्या मते त्याचं बालपण त्या दिवशी संपलं. त्यानंतर ती मुलं चोरून गोष्टी करू लागली, खोटं बोलू लागली. खरं बोलूनही मार बसणार असेल, तर खरं बोलायचं कशाला?

तेराव्या वर्षी त्याला कोरीवकाम करणाऱ्या एका कारागिराकडे शागीर्द म्हणून ठेवलं. मालक तापट आणि मारकुटा. घरात पुस्तकं वाचणारा पोरगा इथे चोर झाला. सुरुवात दुसऱ्याच्या सांगण्यावरून झाली. तिथल्या एका मोठ्या कामगाराने त्याला स्वतःच्याच आईच्या मळ्यातली भाजी चोरून बाजारात विकायला लावली. मग सफरचंदं, मग मालकाची हत्यारं. मार खाऊन खाऊन त्याचं एक गणित तयार झालं. मार हा चोरीचा मोबदला आहे, तो आपण चुकता करतोच आहोत, मग चोरी करायला हरकत काय?

मार्च १७२८ मध्ये एका रविवारी तो मित्रांसोबत गावाबाहेर भटकायला गेला. परत येईपर्यंत शहराचे दरवाजे बंद झाले. याआधी दोनदा असंच झालं होतं आणि दोन्ही वेळा मालकाने चामडी लोळवली होती. तिसऱ्यांदा मार खाण्यापेक्षा त्याने पाठ फिरवली आणि चालायला लागला. वय सोळालाही काही महिने कमी.

फिरत फिरत तो आन्सीला मादाम द व्हारां या बाईंकडे पोचला. प्रोटेस्टंट लोकांना कॅथलिक पंथात आणण्याचं काम त्या करत. त्यांनी त्याला धर्मांतरासाठी इटलीतल्या ट्यूरिनला पाठवलं. तिथे पोटासाठी त्याने एका सरदार घराण्यातल्या वृद्ध बाईंकडे नोकरी धरली. काही महिन्यांत त्या वारल्या, आणि घरातल्या सामानाची मोजदाद चालू असताना एक जुनी गुलाबी-रुपेरी रिबीन गायब असल्याचं लक्षात आलं. ती सापडली रूसोपाशी.

सगळ्यांसमोर त्याला विचारलं गेलं. तो अडखळला, लाल झाला आणि म्हणाला की ही मला मारियोंने दिली. मारियों ही त्याच घरातली तरुण स्वयंपाकीण, साधी आणि प्रामाणिक म्हणून सगळ्यांना माहीत असलेली. तिला बोलावलं. रूसोने तिच्या तोंडावर तोच आरोप पुन्हा केला. ती रडली, त्याला विनवलं, पण त्याच्यावर उलटा आरोप काही तिने केला नाही. शेवटी दोघांनाही कामावरून काढलं. चोरीचा शिक्का बसलेल्या गरीब मुलीला त्या काळात दुसरं चांगलं घर मिळणं जवळपास अशक्य होतं. पुढे तिचं काय झालं ते रूसोला कळलं नाही.

कंगव्याच्या वेळी तो निर्दोष होता आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. काही वर्षांतच त्याने स्वतः एका निर्दोष मुलीवर तीच वेळ आणली.

या प्रसंगाचं ओझं त्याने चाळीस वर्षं बाळगलं आणि आत्मचरित्र लिहायला घेतलं त्यामागे हेही एक कारण असल्याचं तो सांगतो. पण त्याने दिलेलं स्पष्टीकरण नीट पाहण्यासारखं आहे. त्याच्या म्हणण्यानुसार मनात मारियोंबद्दल वाईट काहीच नव्हतं. उलट ती त्याला आवडायची, रिबीन तिलाच द्यायची होती, म्हणूनच तिचं नाव तोंडात आलं. शिक्षेची भीती नव्हती, लाज होती. चारचौघांत चोर ठरायची लाज. कुणी बाजूला घेऊन शांतपणे विचारलं असतं तर आपण लगेच कबूल झालो असतो, असं त्याला ठामपणे वाटतं. म्हणजे आत चांगुलपणा होता, परिस्थितीने तो दाबून टाकला.

पटतं का? मला अर्धं पटतं. गर्दीसमोर माणूस काय काय करतो हे आपण रोज बघतो. पण त्या खोलीत मारियोंही होती, तीही गरीब होती, तिलाही लाज होती आणि ती खोटं बोलली नाही. रूसोच्या सिद्धांताला सगळ्यात अवघड प्रश्न त्याच्या स्वतःच्या आठवणीतली ही पोरगी विचारते, आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

पुढची काही वर्षं मादाम द व्हारां यांच्या आश्रयाने वाचन, संगीत आणि प्रेमात गेली. १७४२ मध्ये स्वरलिपी आकड्यांत लिहायची एक नवी पद्धत घेऊन तो पॅरिसला आला. तिथल्या अकादमीने ती फारशी मनावर घेतली नाही. व्हेनिसला फ्रेंच राजदूताकडे सचिवाचं काम केलं, तिथे भांडण झालं आणि परत आला.

१७४५ च्या सुमारास तो ज्या खानावळवजा हॉटेलात राहत होता तिथे कपडे धुण्याशिवण्याचं काम करणारी थेरेस लव्हासर त्याला भेटली. तिला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे मरेपर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षं, ती त्याच्यासोबत होती.

पहिलं मूल १७४६ च्या हिवाळ्यात झालं. सुईणीने ते अनाथालयात नेऊन दिलं. पुढेमागे ओळख पटावी म्हणून रूसोने दोन कार्डांवर एकच खूण लिहून त्यातलं एक कार्ड बाळाच्या दुपट्यात ठेवलं. पुढच्या चार मुलांच्या वेळी तेवढंही केलं नाही. थेरेस तयार नव्हती. तिने कण्हत-कुढत ऐकलं, असं खुद्द रूसोच लिहितो.

इथे काळाचा संदर्भ द्यायला हवा. तेव्हाच्या पॅरिसमध्ये दरवर्षी हजारो बाळं अनाथालयात येत, त्यात लग्नाच्या नवराबायकोंचीही असत. रूसो ज्या मंडळींसोबत जेवायला बसायचा त्यांच्यात तर ही गोष्ट हसण्यावारी नेली जाई. पण तिथे गेलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलं पहिला वाढदिवससुद्धा बघत नव्हती, हेही तितकंच खरं.

आता वर्ष १७४९. त्याचा मित्र दिदरो लिखाणापायी व्हिन्सेनच्या किल्ल्यात कैदेत होता. त्याला भेटायला रूसो पॅरिसहून चालत निघाला. वाटेत वाचायला घेतलेल्या मासिकात दिजों अकादमीच्या निबंध स्पर्धेचा विषय छापला होता. विज्ञान आणि कलांच्या प्रगतीने माणसाचं आचरण सुधारलं का? हे वाचून त्याचं डोकं गरगरायला लागलं. तो एका झाडाखाली बसला, आणि उठला तेव्हा कोटाचा पुढचा भाग आसवांनी भिजलेला होता. आयुष्यभर जे सोसलं त्याचा एकदम उलगडा झाल्यासारखं त्याला वाटलं. माणूस चांगलाच आहे, वाईट आहेत त्या आपल्या व्यवस्था. १७५० मध्ये त्या निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं आणि रूसो रातोरात प्रसिद्ध झाला.

१७५५ मध्ये विषमतेवरचा त्याचा दुसरा निबंध पुस्तकरूपाने आला. रूसोबद्दलचे बरेच गैरसमज इथूनच सुरू होतात, म्हणून जरा थांबूया.

त्याच्या शंभर वर्षं आधी इंग्लंडच्या थॉमस हॉब्जने ‘लेव्हायथन’मध्ये मांडलं होतं की सरकारचा धाक नसेल तर माणसं एकमेकांच्या जिवावर उठतील. यादवी युद्ध पाहिलेल्या माणसाचं हे मत होतं. रूसोचं उत्तर असं की हॉब्ज ज्याला निसर्गातला माणूस म्हणतोय तो खरा शहरातला, हेव्यादाव्यांत मुरलेला माणूस आहे. रानातल्या एकट्या माणसाला कुणाला मारून मिळणार काय? त्याच्यात दोनच गोष्टी जन्मजात असतात. स्वतःचा जीव जपण्याची ओढ, आणि दुसऱ्याला वेदनेत पाहून पोटात कालवणं.

म्हणजे आदिमानव संत होता असं रूसो म्हणत नाही. पाप-पुण्य ठरवण्याइतके संबंधच तेव्हा माणसांत नव्हते, असं तो म्हणतो. बिघाड सुरू होतो तो माणसं शेजारी शेजारी राहायला लागल्यावर. कोण जास्त छान गातो, कोण जास्त देखणा, याची तुलना सुरू होते. मग माणूस स्वतःच्या नजरेपेक्षा दुसऱ्याच्या नजरेत जगायला लागतो. त्यात जमिनीला कुंपण घालून ती माझी म्हणणारा येतो आणि इतरांनी ते मान्य केलं की गरीब-श्रीमंत, मालक-नोकर हे सगळं मागोमाग येतं. इन्स्टाग्रामच्या जमान्यात हा तुलनेचा मुद्दा वेगळा समजावून सांगायची गरज नाही. आणि चारचौघांत चोर ठरायच्या लाजेने पछाडलेला तो ट्यूरिनचा पोरगाही इथे ओळखू येतो.

व्हॉल्टेअरने खवचट पत्र लिहून या पुस्तकाची टर उडवली. दोघांचं पुढे कधीच जमलं नाही.

मुलांचा प्रश्न याच काळात त्याच्या आत ठुसठुसत होता. लोकांना कर्तव्याचे धडे देत असताना थेरेसला तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा आपण विचारात पडलो असं तो लिहितो. मग कारणं येतात. पैसा नाही. लग्न झालेलं नाही, तिची बदनामी होईल. तिच्या घरचे लोक मुलांना बिघडवतील. अनाथालयात ती कष्टकरी, शेतकरी होतील आणि ते आपल्यापेक्षा सुखाचं. प्लेटोच्या आदर्श राज्यात मुलं सगळ्यांची असतात, तसंच हे. एका कृत्याला माणूस इतकी कारणं देतो तेव्हा त्यातलं एकही त्याला स्वतःला पुरत नसतं, असं मला वाटतं.

१७६१ मध्ये आजारी असताना त्याने एका सरदार बाईंना पहिल्या मुलाची खूण सांगितली. त्यांनी अनाथालयाच्या जुन्या नोंदी शोधायला माणूस पाठवला. काही हाती लागलं नाही.

पुढच्याच वर्षी ‘एमिल’ आलं. बाळाला कापडात घट्ट गुंडाळू नका, आईने स्वतः दूध पाजावं, पाठांतर लादू नका, मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे, त्याला त्याच्या वयाने वाढू द्या. आज बालवाडीत सहज बोलली जाणारी ही वाक्यं तेव्हा नवी होती. मुलींच्या शिक्षणाबद्दल मात्र त्याचे विचार मागासच. बाईने पुरुषाला आवडेल असं घडावं, या त्याच्या मताचा मेरी वॉलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये खरपूस समाचार घेतला. आणि याच पुस्तकात बापाचं कर्तव्य टाळणाऱ्याला गरिबीसकट कुठलीच सबब चालणार नाही, त्याला पुढे रडावं लागेल, अशा अर्थाचा एक मजकूर आहे. वाचणाऱ्यांना तेव्हा कळलं नाही की लेखक स्वतःबद्दल बोलतोय.

या पुस्तकामुळे रूसो देशोधडीला लागला. जून १७६२ मध्ये पॅरिसमध्ये ‘एमिल’ जाळलं गेलं आणि त्याच्या अटकेचा हुकूम निघाला. जिनिव्हानेही ‘एमिल’ आणि ‘सामाजिक करार’ दोन्ही जाळली. पॅरिसच्या आर्चबिशपने त्याच्याविरुद्ध फर्मान काढलं. बाळाच्या संगोपनावरच्या पुस्तकाची एवढी भीती का? धर्माबद्दलची त्याची मोकळी मतं त्यात होतीच, पण मुळावर घाव दुसरीकडे होता. मूल पापी जन्मत नसेल तर त्याला पापातून सोडवणाऱ्या चर्चचं काम काय उरतं? आणि माणूस परिस्थितीने बिघडत असेल तर परिस्थिती बदला अशी मागणी उद्या कुणीही करू शकतो. राजाला आणि धर्मपीठाला हे बरोबर समजलं होतं.

तो स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या मोतिए गावात लपला. १७६४ च्या शेवटी एक निनावी पत्रक आलं, त्यात मुलांचं गुपित फोडलेलं होतं आणि सोबत भरपूर खोटंही होतं. ते व्हॉल्टेअरने लिहिलं होतं. रूसोचा संशय भलत्याच पाद्र्यावर गेला. उत्तरादाखल त्याने लिहिलं की अनाथालयाच्या दारात मी कधीही मूल टाकलेलं नाही. शब्दशः खरं. मुलं दारात टाकलेली नव्हती, सुईणीने आत नेऊन रीतसर दिली होती. कंगव्यासाठी मार खाऊनही खरं न सोडणारा मुलगा बावन्नाव्या वर्षी वकिली करत होता.

पुढच्या सप्टेंबरात मोतिएच्या लोकांनी रात्री त्याच्या घरावर दगड मारले. तिथून पळ, एका बेटावर काही आठवडे, तिथूनही हकालपट्टी. १७६६ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने त्याला इंग्लंडला नेलं, तर सगळे मिळून कट करताहेत या संशयाने रूसोने त्याच्याशीही भांडण केलं. काही शत्रू खरे होते, काही मनातले. दोन्ही वेगळे करणं त्याला अखेरपर्यंत जमलं नाही. १७७० नंतर पॅरिसमध्ये तो संगीताच्या नकला उतरवून पोट भरत होता.

मेल्यावर मात्र त्याची पूजा झाली. २ जुलै १७७८ ला तो गेला. १७९४ मध्ये क्रांतिकारकांनी त्याचे अवशेष वाजतगाजत पॅरिसच्या पँथिऑनमध्ये आणले. तिथे त्याच्या समोरच व्हॉल्टेअर आहे. त्याला गुरू मानणाऱ्या रोबेस्पिअरने जनता मुळात चांगली असते असं म्हणत शेकडो लोकांना गिलोटिनवर पाठवलं होतं, आणि त्या मिरवणुकीच्या अडीच महिने आधी तो स्वतःच गिलोटिनवर गेला होता. थेरेस १८०१ पर्यंत जगली.

शेवटच्या दोन वर्षांत रूसो एकटाच पॅरिसभोवती फिरायचा आणि घरी येऊन टिपणं लिहायचा. त्यातलं नववं टिपण मुलांवर आहे. आपल्याला मुलांचा द्वेष करणारा बाप म्हणतात हे त्याला लागलं होतं. म्हणून तो सांगतो की एकदा शाळेच्या मुली फिरायला आल्या होत्या, गोड पापड्या विकणारा भेटला, तेव्हा आपण पैसे देऊन सगळ्यांना त्या वाटल्या आणि कुणी रडू नये म्हणून वाटपात काळजी घेतली. त्याच टिपणात तो हेही लिहितो की पुन्हा वेळ आली तर आपण मुलांच्या बाबतीत तेच करू.

दहावं टिपण त्याने एप्रिल १७७८ मध्ये सुरू केलं. पन्नास वर्षांपूर्वी याच सणाला, पाम संडेला, घरातून पळालेला पोरगा मादाम द व्हारां यांच्या दारात उभा राहिला होता. आपल्यावर माया करणारं माणूस जवळ होतं त्या थोड्या वर्षांतच आपण खरे आपण होतो, असं तो त्यात सांगतो. दोनेक पानांवर ते लिखाण थांबतं. ते पुरं व्हायच्या आत तो गेला.